काळी एकचा मध्यम

शुक्रवार, २ जानेवारी

माग बंद, म्हणून पेटी उघडली. आमच्या गल्लीत आठवड्यातला हा एकच दिवस, शेजारचे यंत्रमाग थांबतात आणि माणसाला आपला कान वापरता येतो. बाकी सहा दिवस खटखट, खटखट. एकतीस वर्षं पेटी शुक्रवारीच लावतोय.

सकाळपासून अकरा सूर लागले. बारावा नाही. बारावा म्हणजे काळी एक, सप्तकातली पहिली काळी पट्टी.

डोकं शांत व्हावं म्हणून लिहून काढतो. सुनंदाचा आवाज पावसाळ्यानंतर खाली आला. लग्न झाल्यापासून तिचा सा काळी चारवर, आता पांढरी पाच म्हणते. एका पट्टीचा फरक. लोक म्हणतील त्यात काय, बोट शेजारी सरकवा. दुकानातली पेटी असती तर सरकवलंही असतं. ही पेटी तिच्या गळ्याला लावलेली आहे, एकेक सूर माझ्या हाताने घासून. सा हलला की प्रत्येकाचं काम बदलतं. जी काळी एक इतकी वर्षं तिचा शुद्ध मध्यम होती, तिला आता तीव्र मध्यम व्हायचंय. आणि बया होत नाहीये.

इथे बुऱ्हाणपुरात राजघाटाजवळच्या मंदिरात ८ फेब्रुवारीला गाणं. सु. म्हणते, दोन तासांची पूर्ण बैठक ही शेवटची, पुढे नुसतं मुलींना शिकवणार. पाच आठवडे आहेत. एका सुराला पाच आठवडे खूप झाले.


रविवार, ४ जानेवारी

वहीत मांडलं. शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, एवढं गणित अजून येतं.

तीव्र म = सा च्या ४५/३२ पट. रे ९/८, त्याच्यावर ५/४, गुणाकार ४५/३२. नी पासून मोजत खाली आलो तरी तोच आकडा. दोन्हीकडून पडताळा बसतो. दुकानातल्या पेटीत म सा आणि वरच्या सा च्या बरोबर मधोमध असतो, रस्त्यातल्या दुभाजकासारखा. गळ्यातला म मधोमध नसतो, त्याच्या केसभर खाली असतो. म्हणजे काळी एक केसभर उतरवायची. संपलं.

सु.ला वही दाखवली. ती भाजी निवडत होती.
"यातलं ऐकू काय येणार मला?"
"ऐकू शुक्रवारी येईल."
"मग शुक्रवारीच दाखवा."


शुक्रवार, ९ जानेवारी

उतरवली. पितळेची पत्ती मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. मुळाशी पाच-सहा वेळा हलकेच कानस फिरवली. म आणि नी एकत्र दाबले की वाँवाँ असा हेलकावा यायचा, तो हळूहळू लांबत गेला आणि थांबला. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. वहीतलं गणित पितळेत उतरलं.

सु. कणकेच्या हातांनीच आली. दारात उभी राहून यमन घेतला, नी रे ग म, मग म वर थांबली. डोळे मिटलेले.
"हं. लागला."
एवढंच. तिच्याकडून एवढंच मिळतं आणि तेवढं पुरतं.

शनवारा चौकातून मावा जिलेबी आणली. साखर आहे मला, पण आज खाल्ली.


रविवार, ११ जानेवारी

पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी भागवत पाटील आला, तिचा तबलजी. फोपनारला केळी करतो, मोटरसायकलवर पुढे डग्गा, मागे तबला आणि हँडलला केळ्यांची फणी. बैठकीत सुरुवात पूरियाने, मग यमन, असं ठरलंय, म्हणून पूरियाच घेतला. दुसऱ्याच ओळीला सु. थांबली.

"हा म कोणाचा?"
"तुझाच. परवा पास केलास."
"हा उतरलाय."

उतरलाय! परवा लागलेला म दोन दिवसांत आपोआप उतरतो होय? भागवत हातोडीने तबल्याचे गट्टे ठोकत म्हणाला, "मास्तर, थंडी पडली ना. पितळ आकडते, भई." मी म्हणालो, थंडीत चढेल, उतरणार नाही, सातवीच्या पुस्तकात आहे. तो म्हणाला, "बराबर. आपण सातवीतच शाळा सोडली."

पुन्हा म-नी दाबून दाखवले. हेलकावा नाही. सु. म्हणाली, पेटीतला नी मला नका ऐकवू, मी काय गाते ते ऐका. मी म्हणालो, मी तेच ऐकतो आहे, ३१ वर्षं.  भागवतने चहा न घेता केळी ठेवली आणि गेला.


बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना सु. म्हणाली, "गोड बोला. पेटीशी सुद्धा."

इंदूरहून केतकीचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, सीधी बात आहे. फोनमध्ये ट्यूनरचं अ‍ॅप टाका, सुई ग्रीनमध्ये आली की बस. इतकं काय सोचायचं?" मुलगी माझी, इंजिनिअर.

टाकलं. सुई हिरवी होते ती बरोबर मधोमध. तो दुकानातल्या पेटीचा म. गळ्याला खोटा. फोनला हिरवा. अ‍ॅप काढून टाकलं.


शुक्रवार, १६ जानेवारी

टोकाशी घासून चढवली. ती चढा म्हणते तर चढा. तिने पूरिया गाऊन बघितला, मान हलवली, "आता बरोबर." मी झाकण लावायला घेतलं. तेवढ्यात तिने सहज यमनची ओळ घेतली आणि थांबली.

"चढलाय."

मी कानस टेबलावर ठेवली. हळूच ठेवली, आपटली नाही, हे नमूद करतो. पण तोंडातून गेलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तानपुऱ्याचं यंत्र बंद केलं, वही मिटली, आत गेली. तिचा आवाज खाली आल्यापासून मी असं काही बोललो नव्हतो. लोक बोलतात, मागून बोलतात, मी नाही. आज मी बोललो.

पत्ती वर-खाली करायची म्हणजे कधी मुळाशी, कधी टोकाशी घासायचं. सूर कुठेही जावो, धातू जातच राहतो. ती पत्ती आता बोटाला लागते तेव्हा कागदासारखी लागते.


शनिवार, १७ जानेवारी

सकाळी चहाला. माझा कप ठेवला आणि म्हणाली, "खंडव्याच्या त्या व्हायोलिनवाल्या बाई आहेत ना, त्यांना विचारलंय मी. आठ तारखेचं."
"कशाला?"
"व्हायोलिनला पट्ट्या नसतात."
"आणि पेटी?"
"पेटीला आराम."

पेटीला आराम. म्हणजे मला.  चहावर साय आली.

वाईट वाटलं. लिहूनच टाकतो, कोण वाचतंय. मला स्वतंत्र वाजवता येत नाही, मी काही वादक नाही. मला फक्त तिच्या डाव्या हाताला बसून वाजवता येतं. देवळात, शाळेत, नेपानगरच्या हॉलमध्ये, केतकी पोटात असताना सुद्धा, सगळीकडे तिच्या डाव्या हाताला मी. शेवटच्या बैठकीला तिथे दुसरं कोणी बसणार आणि मी समोर सतरंजीवर, लोकांबरोबर टाळ्या वाजवत.

अंगणाबद्दल माफी मागायला हवी होती. नाही मागितली. उलट विचारलं, "त्या बाईंना पूरिया येतो का?" मूर्खासारखं.


सोमवार, १९ जानेवारी

सकाळी ती मुलींना शिकवत होती तेव्हा फोन खिडकीत ठेवून रेकॉर्ड केलं. पेटीशिवाय, नुसता तानपुरा आणि ती. चोरी म्हणा.

दुपारी ऐकायला बसलो तर मागांच्या खटखटीत काही कळेना. दोन वाजता लाईट गेली. माग थांबले, पंखे थांबले, कोपऱ्यावरच्या डीपीची घूंघूं थांबली. शुक्रवार नसताना शुक्रवार आला. वीस मिनिटं मिळाली.

यमनमध्ये ती म ला जाते ती नी मनात धरून. पूरियात जाते ती कोमल रे वरून. बास. एवढंच आहे. कोमल रे १६/१५, त्याच्यावर ४/३, गुणाकार ६४/४५. म्हणजे हा म मधोमधच्या केसभर वर. आणि यमनचा केसभर खाली. दोन आहेत. दोघांचा गुणाकार केला, ४५/३२ गुणिले ६४/४५. २ आला, पूर्ण सप्तक. सा पासून वर जाताना पहिलं जेवढं अंतर, वरच्या सा पासून खाली येताना दुसरं तेवढंच.

ती दोन्ही वेळा खरी होती. चढलाय म्हणाली तेव्हा चढा होता, उतरलाय म्हणाली तेव्हा उतरलेला. एका पत्तीत दोन म राहूच शकत नाहीत आणि मी अडीच आठवडे तीच पत्ती कधी मुळाशी, कधी टोकाशी घासत बसलो. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. मला वही लागते, पेन्सिल लागते, लाईट जावी लागते. ती हे पोळ्या लाटताना करते.

तिला सांगितलं. ऐकून म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"


शुक्रवार, २३ जानेवारी

उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

पेटी डबल सुरांची आहे. प्रत्येक पट्टीखाली दोन पत्त्या, पुढची ओळ आणि मागची ओळ. समोर दोन खुंट्या, जी ओढली तिची ओळ उघडते. मग पुढच्या ओळीची काळी एक यमनची, मागच्या ओळीची पूरियाची. पूरियाला मागची खुंटी, यमनला पुढची. आवाज थोडा पातळ होईल, एकच ओळ वाजणार. होऊ दे.

मागची ओळ सूर जुळेपर्यंत बंदच ठेवली होती, तिची पत्ती ताजी, झटकन चढली. पुढची पुन्हा उतरवली. ती तीच, बिचारी. जपून घासली.

सु.ला म्हणालो, रविवारी एकदा ऐक, मग खंडव्याचं ठरव. म्हणाली, त्या बाई सहा तारखेला येऊन बघणार आहेत. म्हणजे नाही म्हणाली नाही.


रविवार, २५ जानेवारी

पूरिया उत्तम झाला. मागच्या ओळीचा म तिच्या गळ्यात असा मिसळला की भागवतनेही मान वर केली.

मग यमन. मी मोठ्या ऐटीत पुढची खुंटी ओढली आणि मागची बंद करायला विसरलो. दोन्ही म एकदम. दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखा आवाज. भागवत तबल्यावर पालथा पडून हसला. "मास्तर, हे तं जुगलबंदी झाली!" सु. पण हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन आठवड्यांनी हसली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण मारुतीने घरात जरा बरं वाटलं.

हसण्याच्या भरात मी अंगणाबद्दल बोललो. "तसं म्हणायला नको होतं."
"माहितीय मला," म्हणाली. "पण आवाज खाली गेलाय हे खरंच आहे."
"त्याने काय होतं?"
"काही नाही. मला फक्त सगळ्या जागा नव्याने शोधाव्या लागतात. घाई नका करत जाऊ तुम्ही."

घाई मी कुठे करतो ते कळलं नाही. विचारलं नाही.

जाता जाता तिने सांगितलं, यमनचा म जवळजवळ आहे. अजून एक केस जड हवा, म्हणजे खाली.

एक केस.


शुक्रवार, ३० जानेवारी

पुढच्या ओळीची काळी एक गेली.

एकच केस बाकी होता. ती मुलींना शिकवायला बाहेर गेली होती, घरात कोणी नाही, माग बंद. मुळाशी एकदा कानस फिरवली, लावून बघितलं, जवळजवळ. मला थांबता आलं असतं. तिला "जवळजवळ" चाललंही असतं कदाचित. पण सहा तारखेला ती बाई येणार, आणि मला त्या दिवशी पेटीत खोट काढायला जागाच ठेवायची नव्हती. दुसऱ्यांदा फिरवली. भाता दाबला. टिक् असा आवाज, आणि नंतर नुसती हवा.

आयुष्यभर इतरांना सांगत आलो, एक पत्ती तीनदाच्या वर घासायची नाही. गल्लीतल्या भजनी मंडळाला सांगतो, शाळेच्या पेटीवाल्याला सांगतो. ही मी किती वेळा घासली ते मोजलेलंही नाही.

वरच्या सप्तकातली बसत नाही, आखूड आहे. मागच्या ओळीतली आणली तर पूरिया गेला. बुऱ्हाणपुरात असली पत्ती मिळणं शक्य नाही. गुजरातेत एक कारागीर आहे, त्याला फोन केला, कुरियरने पाठवतो म्हणाला, "टाइम लगेगा, मास्टरजी." तुटलेली काढून खिशात टाकली. भोकावर कापडी चिकटपट्टी लावली, नाहीतर पेटी तिथून श्वास सोडते.

सु. आली. "झालं का?"
"झालं," म्हणालो.

खोटं नाही म्हणता येणार. झालं होतंच.


सोमवार, २ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

भागवत संध्याकाळी सहाला आला. केळ्यांची गाडी भरायची होती म्हणून उशीर. पूरिया, मागची ओळ, ठीक. नंतर यमन. पुढची खुंटी उघडली, मागची बंद केली, यावेळी आठवणीने. माझा बेत असा होता, की म आला की नी धरून ठेवायचा, लपवायचं. बोलताना एखादं नाव आठवलं नाही की माणूस "ते आपले हे" म्हणतो, तसं.

दोनदा जमलं. तिसऱ्यांदा ती म कडे इतक्या हळू निघाली की मला नी धरवेना. बोट काळी एकच्या वर होतं. दाबलं असतं तर हवा सुद्धा आली नसती. बोट उचलून मांडीवर ठेवलं.

तानपुरा चालू. तबल्याचा ठेका चालू. आणि तिचा म. ती त्याच्यावर थांबली, थोडी खाली गेली, पुन्हा वर आली, जागा चाचपली आणि मग बसली. आवाज पूर्वीसारखा नाही, खालच्या बाजूला जरा भरड झालाय. पण म असा होता की मी वहीत ४५/३२ लिहिलं होतं त्याची लाज वाटली. एकतीस वर्षांत मी तिचा म नुसता कधी ऐकलाच नव्हता. त्याच्यावर दर वेळी माझा असायचा.

मग पुढे दर वेळी तसंच केलं. म आला की हात मांडीवर.

संपल्यावर भागवतने तबल्याला खोळ घालता घालता सांगितलं, "मास्तर, आज तुमी कमाल केली. कुछ बजाया ही नै." तो टोमणा होता की कौतुक ते फोपनारच्या माणसालाच ठाऊक.

तो गेल्यावर सु. म्हणाली, "यमनमध्ये तुम्ही म वाजवला नाही."
"नाही."
"मुद्दाम?"

मी भात्याची कडी लावत होतो. मान हलवली. वरखाली हलवली की आडवी, शपथेवर सांगता येणार नाही. तिने हो धरलं.

मग ती बोलली, बराच वेळ, पायाजवळची सतरंजी नीट करत. म्हणाली, "इतकी वर्षं मी म ला जायला निघाले की तुम्ही तिथे आधीच पोचलेले. मी अजून रस्त्यात, आणि पेटी सांगते, हा बघ, इथे आहे. मग काय करणार, मी येऊन तुमच्या शेजारी उभी राहायचे. तरुणपणी चालून गेलं. आता गळा हळू चालतो, म्हणून खुपायला लागलं. मला वाटायचं पेटीचा सूर खोटा आहे. सूर नव्हता खोटा."
"मग?"
"आधी यायचा. बस."

आणि उठताना, "खंडव्याला मी नको म्हणून कळवते."

मी हो म्हणालो. तुटलेली पत्ती खिशात होती, टोचत होती.


बुधवार, ४ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज. "नाही हो, तुम्ही कशाला त्रास घेता. घरचीच पेटी आहे. ते आता समजून वाजवतात."

समजून!

मी बाहेर पेपर वाचत होतो, एकच ओळ चार वेळा वाचली. मला हवं होतं ते सगळं मिळालं, डाव्या हाताची जागा, शेवटची बैठक. कशामुळे मिळालं, तर मी पत्ती तोडली म्हणून. पत्ती शाबूत असती तर मी परवा म दाबलाच असता, छान ऐटीत, गणिताने बरोबर, तिच्या आधी. आणि आज खंडव्याला "या" असा निरोप गेला असता.

सांगायला हवं. दुपारी सांगणार होतो, ती झोपली होती. चार वाजता मुली आल्या. साडेचारला कुरियरवाला आला. छोटी डबी, आत कापसात दोन पत्त्या, नवीन, पिवळ्याधमक. इतकी वर्षं कुरियर कधी वेळेवर आलं नाही.

"काय आलं हो?"
"सामान आहे, पेटीचं."
खरंच तर आहे.


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

माग बंद. सु. भाजी आणायला गेली. पेटी उघडली, चिकटपट्टी काढली, नवी पत्ती बसवली. का बसवली? पेटीला भोक ठेवून माणूस झोपू शकत नाही म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

मुळाशी तीन वेळा कानस. फक्त तीन. म आणि नी दाबले, हेलकावा आला, लांबला, थांबला. पहिल्याच खेपेला. पाच आठवडे ज्याच्यासाठी जीव काढला तो म अर्ध्या तासात लागला. मी आजवर लावलेल्या सुरांतला हा सगळ्यात चांगला आहे, हे मी खात्रीने सांगतो. सा दाबून त्याच्यावर म ठेवला आणि भाता हळूहळू सोडत बसलो.  इतका खरा सूर आणि ऐकायला मी एकटा, समोर रिकामी सतरंजी.

फाटक वाजलं. सु. पिशव्या घेऊन दारात. किती वेळ उभी होती माहीत नाही.
"काय वाजत होतं ते?"
"पेटी साफ करतोय."
तिने पिशव्या खाली ठेवल्या. कोथिंबीर काढून निवडायला बसली. 


शनिवार, ७ फेब्रुवारी

उद्या चार वाजता भागवत जीप घेऊन येणार. पेटी तयार. झाकणाचे स्क्रू लावले.

सकाळी सु. केस विंचरत होती, आरशातून म्हणाली, "उद्या म माझ्याकडे राहू दे हं. सोमवारसारखा."
"हो."
"पेटीत असला तरी."

मी आरशात तिच्याकडे बघितलं. ती भांग पाडत होती, केसांवर लक्ष. तिला काय माहीत आहे आणि किती, ते मला कळलं नाही. विचारलं तर सांगेल. पण मग मलाही सांगावं लागेल, तुटलेली पत्ती अजून खिशातच आहे.

संध्याकाळी एकदा हात चालवून बघितला, भाता न दाबता, नुसती बोटं. नी रे ग, आणि बोट आपोआप काळी एकवर गेलं. पुन्हा केलं. पुन्हा गेलं. दहा वेळा केलं. आठ वेळा गेलं.